पान हाललं!

सुरळीत गेलेल्या दिवसाचा किस्सा होत नाही. ठाण्याच्या त्या ऑफिसात मी जवळजवळ तीन वर्षं काढली. त्यातले बहुतेक दिवस धड गेले असणार, नाहीतर पगार कोणी दिला असता? पण त्यातला एकही आठवत नाही. आठवतात ते बिघडलेले! एकेक बिघाड एकेक गोष्ट मागे ठेवून गेला आणि बघता बघता ढीग झाला. त्यात माझ्याच फजितीच्या जास्त आहेत, पण आता कोण रागावतंय?

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. नौपाड्यात कर्णिक सरांच्या घराखालच्या दोन खोल्या म्हणजे आमचं ऑफिस. सरांची हयात गोदीत गेलेली. रिटायर झाल्यावर त्यांच्या कानावर आलं की परदेशातली बंदरं इंटरनेटवर आपापलं पान टाकायला लागली आहेत. कुठलं जहाज लागलं, कुठलं येणार, पोटात काय माल, सगळं त्यावर. आपल्याकडच्या माल मागवणाऱ्या-पाठवणाऱ्या एजंटांना ही माहिती सोन्यासारखी, पण इंटरनेट होतं कोणाकडे? मग सरांनी मोडेम घेतला, आणि आम्ही रोज सकाळी सहा बंदरांची पानं उघडून त्यातून एक कागद तयार करायचा आणि तीसेक एजंटांना फॅक्स करायचा, असा धंदा सुरू झाला.

पानं उघडून माहिती उचलण्याचं काम स्क्रिप्ट करायची. स्क्रिप्ट म्हणजे छोटासा प्रोग्राम. तो लिहिलेला मंदारने. मी विठ्ठलवाडीहून यायचे, बी.एस्सी. गणित, कॉम्प्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स. पहिल्या दिवशी मंदारने मला समजावलं, "हे बघ, स्क्रिप्टला डोळे नसतात. तिला फक्त पत्ता सांगितलाय. तिसरी बिल्डिंग, दुसरा मजला, तिथे जहाजाचं नाव. उद्या त्या लोकांनी मध्येच नवी बिल्डिंग बांधली, की ही भलत्याच्या घरी जाऊन बेल वाजवणार."

"मग?"

"मग तू पत्ता बदलायचा. तेवढंच काम आहे तुझं."

तेवढंच!

* * *

पहिल्याच आठवड्यात एका बंदराने आपल्या पानाच्या डोक्यावर जाहिरात टाकली. स्क्रिप्ट बिचारी सांगितलेल्या पत्त्यावर गेली आणि मिळालं ते घेऊन आली. मी नवीन, मला काय कळतंय? कागद फॅक्स झाला. त्यावर पहिलं जहाज होतं, 'विन अ फ्री हॉलिडे'!

तीस एजंटांपैकी एकोणतीस जण हसले असतील, नाहीतर त्यांनी कागद वाचलाच नसेल. कल्याणच्या छेडाशेठचा मात्र फोन आला. छेडाशेठ फार सज्जन माणूस, पण छापलेल्या अक्षरावर त्याचा देवासारखा विश्वास.

"बेन, ए फ्री हॉलिडे कुठल्या जेट्टीवर लागणार?"

पुढच्या महिन्यात दुसऱ्या एका बंदराने जहाजाचं नाव आणि माल यांच्यामध्ये कप्तानाच्या नावाचा रकाना घुसवला. आमच्या कागदावर मालाच्या जागी कप्तान आले. पुन्हा छेडाशेठ.

"बेन, पीटरसन किती टन आला?"

* * *

सरांचा कॉम्प्युटरवर विश्वास नव्हता. त्यांचा विश्वास कागदावर. या दोन घोटाळ्यांनंतर त्यांनी नियम केला, रोज सहाही बंदरांच्या पानांचा पहिला कागद छापायचा. पहिलाच, कारण प्रिंटरची रिबन महाग. आजचा कागद कालच्या कागदावर ठेवायचा, दोन्ही खिडकीच्या काचेवर उजेडाला धरायचे आणि रेघेवर रेघ बसते का बघायचं. बसली तर पान तसंच आहे. नाही बसली, तर स्क्रिप्टला हात लावायच्या आधी तो कागद वहीत खळीने चिकटवायचा आणि खाली तारीख घालायची.

हे काम तांडेलकाकांकडे होतं. काका चेंदणी कोळीवाड्यातले, पन्नाशी ओलांडलेले. फॅक्स, प्रिंटर, टपाल, चहा, सगळं तेच बघायचे. तरुणपणी खाडीत होडी घातलेली, पुढे खाडीत मासा राहिला नाही म्हणून नोकरी धरली. जाळ्याचं फाटलेलं एक घर शोधायची सवय असलेले डोळे ते! मंदार आधी खूप हसला. "सर, हे काम कॉम्प्युटर करतो हो." मग त्याने हट्टाने तसा प्रोग्राम लिहिला. पण तो सुरू होऊन खुरडत खुरडत उत्तर देईपर्यंत खिडकीपाशी आरोळी झालेली असायची.

"पान हाललं गो!"

महिन्याभरात मंदारने आपला प्रोग्राम मुकाट्याने काढून टाकला.

* * *

वर पहिल्या मजल्यावर कर्णिककाकू. फोनची लाईन एकच, खाली मोडेमला आणि वर काकूंना. आम्ही पान उतरवत असताना काकूंनी बहिणीला फोन करायला रिसिव्हर उचलला की आमचं जहाज अर्ध्या समुद्रात बुडालं. यावर काकूंनीच तोडगा काढला. मोडेम लागला की आम्ही खिडकीच्या गजाला लाल रुमाल बांधायचा. रुमाल दिसला की काकू फोनला हात लावायच्या नाहीत.

एकदा मी रुमाल सोडायला विसरले आणि शनिवारी घरी गेले. सोमवारी सकाळी काकू जिन्यात उभ्या.

"सुजाता, दीड दिवस माझ्या बहिणीशी बोलले नाही मी. काय गं, एवढं मोठं जहाज कुठलं उतरवत होतीस?"

रागावल्या नाहीत, वर पोहे दिले. त्या घरात माझ्या चुकांवर नेहमी काहीतरी खायला मिळालं. आता विचार केला की वाटतं, पहिल्या नोकरीला असं घर मिळायला नशीब लागतं.

* * *

मग मंदार अमेरिकेला गेला. त्या वर्षी सगळेच चालले होते. जाताना म्हणाला, "सगळं स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवलंय, घाबरू नकोस." मी उघडून बघितलं. चारशे ओळींच्या स्क्रिप्टमध्ये माणसाला समजेल अशी एकच ओळ होती, 'इथे हात लावू नकोस.'

मी लावला! त्या ओळीखाली लिहिलेलं होतं की एक पान घेतलं की पाच सेकंद थांब, मग पुढचं घे. मला वाटलं, फोनचं मीटर पळतंय आणि ही बया थांबते कशाला? थांबणं काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी उत्तर युरोपातल्या एका बंदराने आमच्या तोंडावर दार लावून घेतलं. पानच उघडेना. आपल्यावर कोणीतरी हल्ला करतंय असं त्यांच्या मशीनला वाटलेलं.

सरांना सांगितलं. सर चष्मा काढून म्हणाले, "लोकांच्या घरी गेल्यावर कडी वाजवून जरा थांबावं, एवढी रीत आपल्याला माहीत हवी होती. आता माफीचं पत्र लिहा."

त्यांनी सांगितलं आणि मी टाईप केलं. अस्सल गोदीतलं इंग्रजी, सुरुवातीला 'सविनय सादर' आणि शेवटी 'आपला आज्ञाधारक सेवक'. असलं पत्र ईमेलने गेल्याचा जगातला तो पहिलाच प्रसंग असावा. मला खात्री होती की उत्तर येणार नाही.

आलं! ते पान सांभाळणाऱ्या माणसाचं नाव हेन्रिक. त्याने लिहिलं होतं, 'म्हणजे ते तुम्ही होय! रोज पहाटे ठरलेल्या वेळी कोणीतरी माझं पान वाचून जातं. मला इतके दिवस वाटत होतं की ती माझी आई असणार.'

दार त्याने उघडून दिलं. त्यानंतर पानात काही बदल करायचा असला की तो बहुतेक वेळा आदल्या दिवशी मला कळवायचा. बहुतेक वेळा.

* * *

सहाही बंदरांत आमचं सगळ्यांचं लाडकं बंदर हेच, आणि त्याला कारण होतं.

तांडेलकाकांचा मुलगा दिनेश 'वॉटर लिली' नावाच्या मालवाहू जहाजावर खलाशी होता. काका-काकूंना एकच पोरगं. तो निघाला तेव्हा दहा महिन्यांनी येतो म्हणाला होता. पत्र आलं तर तीन-तीन महिन्यांनी, तेही चार ओळींचं. पण वॉटर लिली दर पाच-सहा आठवड्यांनी हेन्रिकच्या बंदराला लागायची. त्या दिवशी आमच्या कागदावर तिच्या नावापुढे 'बर्थ्ड' असं यायचं. बर्थ्ड म्हणजे धक्क्याला लागलं. त्या एका शब्दावर चेंदणीच्या त्या घराचे पुढचे पाच आठवडे निघायचे.

काका तो कागद घडी करून घरी न्यायचे. तांडेलकाकूंना वाचता यायचं नाही, काका बोट ठेवून दाखवायचे. आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात डबा यायचा. तांदळाची भाकरी आणि कोळंबीचं कालवण, नाहीतर सुके बोंबील. जहाज तिकडे लागलं की इकडे डबा, हा तांडेलकाकूंचा नेम. कर्णिक सर घरात अंडंही आणू द्यायचे नाहीत, पण त्या दिवशी ते मुद्दाम खाली येऊन "कागद नीट तपासायला हवेत" म्हणून आमच्यात बसायचे.

मला दुसऱ्या कुठल्या जहाजाची तारीख पाठ नसायची. वॉटर लिलीची असायची.

* * *

एका बुधवारी आमच्या कागदावर वॉटर लिली नव्हती.

तोवर आठवडाभर ती 'येणार' म्हणून दिसत होती. बुधवारीच लागायची होती. 'लागलं' नाही, 'येणार' नाही, नावच नाही. काकांनी कागद दोनदा वाचला. खिडकीशी जाऊन कालचा कागद आजच्यावर धरला. रेघेवर रेघ बरोब्बर बसत होती. पान हाललेलं नव्हतं. म्हणजे स्क्रिप्ट ठीक, म्हणजे जहाजच नाही!

गुरुवारीही नाही. त्यात आदल्या रात्रीच्या बातम्यांत तांडेलकाकूंनी ऐकलं होतं की तिकडच्या समुद्रात वादळ झालं. काका म्हणाले, "तिनं कालपास्ना चूल नाय पेटवली." मी जहाजाच्या कंपनीच्या मुंबईतल्या एजंटाला फोन केला, तर तो म्हणाला, चौकशी करून सांगतो. हेन्रिकला ईमेल केली, उत्तर नाही. सरांनी वर जाऊन काकूंना विचारलं की तू फोन उचलला होतास का. काकू रडवेल्या झाल्या. "तीन दिवस हात लावला नाही हो. देवाशप्पथ!"

माझी काय अवस्था होती हे सांगता येत नाही. ही स्क्रिप्ट माझ्या हातातली. चूक माझी निघावी अशी मी मनातल्या मनात भीक मागत होते. आयुष्यात एवढ्या मनापासून मी स्वतःची चूक कधी शोधली नाही. प्रत्येक ओळ तपासली. एकही चूक सापडेना.

शुक्रवारी काका वही घेऊन माझ्या टेबलापाशी आले. त्यांची एक सवय होती. वहीच्या मागच्या पानांवर रोज तारीख घालून एकेका बंदराच्या जहाजांचा आकडा लिहायचा. होडी किनाऱ्याला आली की टोपल्या मोजायच्या, तसा. काम म्हणून कोणी सांगितलेलं नव्हतं.

"पोरी, ह्यो बग. सोमवारी अठ्ठावन्न. मंगलवारी एकसष्ट. बुधवारी पंचवीस. गुरुवारी पंचवीस. आज पंचवीस."

"वादळामुळे कमी आली असतील, काका."

"कमी येतील गो. पन रोज पंचवीसच? दर्या कंदी मोजून देतो काय?"

मग जे आम्ही कधीच करायचो नाही ते केलं. स्क्रिप्ट बाजूला ठेवली आणि ते पान स्वतः, चित्रांसकट, स्क्रीनवर उघडलं. चित्रं उतरायला दहा मिनिटं लागायची, म्हणून आम्ही ते टाळायचो. पान थेंब थेंब उतरत होतं. सर खुर्चीच्या मागे उभे होते आणि काकू लाल रुमाल हातात धरून जिन्यात.

नावं अक्षरांच्या क्रमाने होती, ए. बी. सी. डी. पंचवीस जहाजं संपली. त्याच्या खाली, अगदी तळाला, बोटाच्या नखाएवढं बटण होतं, 'पुढे'.

हेन्रिकने यादीचे तीन तुकडे केले होते. वरचं काही बदललं नव्हतं, म्हणून पहिला कागद कागदावर बसत होता. आणि आम्ही पहिलाच कागद छापायचो!

पुढे. पुढे. तिसऱ्या पानावर, खालून दुसरी ओळ. वॉटर लिली. बर्थ्ड. बुधवार.

काका खाली बसले. खुर्चीत नाही, जमिनीवरच. सरांनी स्वतः जाऊन त्यांच्यासाठी पाणी आणलं. मी रडत होते आणि "काका, सॉरी, काका, सॉरी" एवढंच म्हणत होते. तीन दिवस त्या माउलीने चूल पेटवली नव्हती, आणि लिली बुधवारपासून धक्क्याला निवांत उभी होती.

काका म्हणाले, "रडू नको. आता श्येवटचा कागद पन छापाचा." आणि सरांकडे बघून, "रिबनीचं बगा, सायेब."

सर म्हणाले, "दोन मागवतो."

दुसऱ्या दिवशी डबा आला. त्यात पापलेट होतं, आणि माझ्यासाठी वेगळी पुडी बांधून सोडे, म्हणजे सुकी कोळंबी. पुडीबरोबर निरोप, "पोरीला सांग, तिची चूक सापडली म्हनून माजा पोऱ्या सापडला."

* * *

हेन्रिकचं उत्तर सोमवारी आलं. तो सुट्टीवर गेला होता, जाताना घाईत पान बदलून गेला आणि मला कळवायचं राहिलं. मी त्याला सगळं लिहिलं. यादी पुन्हा एकत्र कर असं काही म्हटलं नाही, स्क्रिप्टला मी 'पुढे' दाबायला शिकवलं होतं. फक्त वॉटर लिलीच्या नावापुढचा शब्द आमच्याकडे कोण वाचतं, एवढं लिहिलं.

मंगळवारी सकाळी काका खिडकीशी ओरडले, "पान हाललं गो!"

पहिल्या कागदावर, 'ए' च्याही वर, सगळ्यांच्या डोक्यावर एक ओळ वाढली होती. वॉटर लिली. कुठे आहे, कधी येणार. जहाज त्यांच्या बंदरात नसलं तरी! त्यानंतर हेन्रिकने पानाचा रंग बदलला, रकाने बदलले, एकदा तर सगळं पान उलटंपालटं केलं आणि मला चार दिवस रडवलं. ती पहिली ओळ मात्र हलली नाही. त्या माणसाला मी कधी बघितलं नाही. त्याचा आवाजही ऐकलेला नाही. पण देवापुढे हात जोडताना माझ्या यादीत त्याचं नाव असतं, ते आजपर्यंत.

* * *

आता शेवटचा किस्सा.

दहा महिन्यांचे चौदा झाले आणि एका रविवारी दिनेश विमानाने घरी आला. सोमवारी काका रजेवर जातील असं वाटलेलं, पण वेळेवर हजर. "तो घरी येऊन उताना परलाय. मी तिकरं बसून काय करू?" मी हेन्रिकला दोन ओळींची ईमेल टाकली, की वाचणाऱ्यांचं पोरगं, दिनेश, ठाण्याला सुखरूप घरी पोचलं, तुझे फार उपकार झाले.

मंगळवारी नेहमीप्रमाणे रुमाल बांधला, स्क्रिप्ट चालवली. कागद छापून सरांपुढे गेला. सर प्रत्येक कागद लाल पेन्सिल घेऊन वाचायचे आणि जरा काही वेडंवाकडं दिसलं की ओळच्या ओळ खोडायचे. त्या दिवशी पेन्सिल पहिल्या ओळीवर टेकली आणि तिथेच थांबली. सरांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग पेन्सिल कानामागे खोचली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "करा फॅक्स. सगळ्यांना."

पहिल्या ओळीत वॉटर लिली नव्हती. तिथे होतं, जहाज: दिनेश. बंदर: ठाणे. बर्थ्ड.

अर्ध्या तासात फोन वाजला. काकांनी उचलला. पलीकडचा आवाज मला टेबलापर्यंत ऐकू येत होता. छेडाशेठ!

"अरे तांडेल, ए दिनेश कुठल्या जेट्टीवर लागला?"

काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"चेंदनीला लागलंय, शेठ. जेवून झोपलंय."